पॅनेल सॉ आणि ‘लक्ष नव्हतं’ नावाचं कारण

मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या फर्निचरच्या गाळ्यात पॅनेल सॉवर कुणाचं बोट गेलं, तर कारण शोधायला फारसा वेळ लागत नाही. शेठ तेच सांगतो, मिस्त्री तेच सांगतो आणि हाताला पट्टी बांधलेला ऑपरेटरही मान खाली घालून तेच सांगतो: लक्ष नव्हतं. साकीनाका, असल्फा, मरोळ, ओशिवरा, भांडुप, मुलुंड अशा पट्ट्यांतल्या गाळ्यांत शहराची मॉड्युलर किचन, वॉर्डरोब आणि ऑफिसची टेबलं तयार होतात आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी शीट कापणारं एक यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असतं. अपघातानंतर दिलेलं हे कारण बहुतेक वेळा खरंही असतं. अडचण एवढीच की त्यातून पुढे काही करता येत नाही. फोन वाजला, मागून कुणी हाक मारली, जेवणाची वेळ टळून गेली, शेवटची शीट उरली होती, अशा कितीतरी निमित्तांनी माणसाचं लक्ष दिवसभरात जात-येत असतं. ते जाणार, हे धरूनच यंत्राशेजारचं काम आखायचं असतं. त्यामुळे पॅनेल सॉची जोखीम मोजताना ‘ऑपरेटर सावध आहे का’ हा प्रश्न शेवटी यावा. आधी विचारायला हवं की एका क्षणापुरतं लक्ष गेलं, तर त्या क्षणी हात कुठे असेल, ब्लेडवर झाकण, म्हणजे गार्ड, असेल का आणि शीट कुठल्या दिशेला उडेल.

पॅनेल सॉ म्हणजे गोल करवतीचं टेबल आणि त्याच्या शेजारी सरकणारं दुसरं टेबल. १९०६ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी ही रचना केली आणि आजही तिचं मूळ तत्त्व बदललेलं नाही: लाकूड ब्लेडवर ढकलण्याऐवजी ते सरकत्या टेबलावर ठेवून टेबलासकट पुढे न्यायचं. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटर जाडीची प्लायची शीट साधारण ३० किलो भरते, एमडीएफची ४० किलोपर्यंत जाते. एवढं वजन हाताने सरळ रेषेत ढकलणं कठीण, म्हणून ही सोय. मुख्य ब्लेडच्या पुढे एक छोटं स्कोअरिंग ब्लेड उलट दिशेने फिरतं आणि लॅमिनेटच्या खालच्या बाजूला बारीक रेघ मारून ठेवतं, म्हणजे मायका उचकटत नाही. मुख्य ब्लेड ३०० मिलिमीटर व्यासाचं आणि मिनिटाला ४,००० फेऱ्यांचं धरलं, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. बोरिवलीची फास्ट लोकल भरात असताना धावते त्याच्या जवळपास दुप्पट. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या वेळात ९६ दातांच्या ब्लेडचे बाराशेहून अधिक दात एकाच जागेवरून निघून गेलेले असतात. ‘चटकन हात काढून घेईन’ हा भरवसा या आकड्यापुढे टिकत नाही.

तरीही सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप अनुभवाचाच असतो. दहा वर्षं मशीनवर आहे, गार्ड कधी लावला नाही, काही झालं नाही. हा युक्तिवाद उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकू नये, कारण तो पुराव्यावर उभा असल्यासारखा दिसतो. तो पुरावा तपासून पाहू. समजा, एक लाख कापांत एकदाच हात ब्लेडला लागेल, इतका हा माणूस सावध आहे. दिवसाला चारशे काप आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला एक लाख वीस हजार काप होतात. संभाव्यतेच्या साध्या गणिताने वर्षभरात निदान एकदा हात लागण्याची शक्यता शेकडा सत्तर येते. माणूस त्याच्याही शंभरपट सावध, म्हणजे एक कोटी कापांत एकदाच चुकणारा, असं धरलं तरी दहा वर्षांत बारा लाख काप होतात आणि शक्यता शेकडा अकरा उरते. नऊ ऑपरेटरांतला एक. बाकीचे आठ जण दहा वर्षांनंतर प्रामाणिकपणे सांगतात की काही झालं नाही, आणि त्यांच्या सांगण्यावरून नवा पोरगा शिकतो. नववा बहुधा त्या धंद्यात उरलेला नसतो, त्यामुळे त्याचं म्हणणं गाळ्यात ऐकू येत नाही. अनुभवाने काप सरळ येतो, शीट वाया जात नाही, यंत्राचा आवाज बदललेला कळतो. हे सगळं मोलाचं आहे. पण कापांची संख्या वाढत जाते तसा अनुभव हा संरक्षणाइतकाच धोक्याशी आलेल्या संबंधाचाही हिशेब होत जातो.

जोखीम मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे एक चौकटींचा तक्ता. आडव्या बाजूला शक्यता एक ते पाच, उभ्या बाजूला गांभीर्य एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार, मग हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मोठ्या कारखान्यात, जिथे शंभर प्रकारचे धोके एकमेकांशी ताडून पाहायचे असतात, तिथे हा तक्ता कामाचा आहे. पॅनेल सॉशेजारी तो बराचसा फसवा ठरतो. इथे गांभीर्याचा आकडा जवळपास ठरलेला असतो. हात लागला तर खरचटत नाही, बोट जातं. शक्यतेचा आकडा मात्र भरणाऱ्याच्या मनावर असतो आणि गेल्या वर्षी काही घडलं नसेल तर तो हमखास ‘दोन’ लिहिला जातो. गुणाकार पिवळ्या रंगात येतो आणि फाइल बंद होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१५ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार तिथे टेबल सॉमुळे सुमारे ३३,४०० जणांना तातडीच्या विभागात उपचार घ्यावे लागले आणि त्यांतल्या ९२ टक्के जखमा ब्लेडला अंग लागूनच झालेल्या असाव्यात. त्यांत घरी हौसेने लाकूडकाम करणारे पुष्कळ आहेत, यंत्रंही पॅनेल सॉपेक्षा लहान, त्यामुळे हा आकडा आपल्या गाळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र नजर कुठे ठेवायची ते त्यातून कळतं: हात आणि फिरतं ब्लेड यांच्यातल्या अंतराकडे. तेव्हा तक्त्यातल्या शक्यतेच्या जागी एक मोजता येणारा प्रश्न ठेवावा. दिवसभरात हात ब्लेडच्या फूटभर अंतराच्या आत किती वेळा येतो आणि कुठल्या कामासाठी?

हा प्रश्न घेऊन दिवसभराच्या कामाकडे पाहिलं की यंत्राचा धोका एकसारखा पसरलेला नाही हे लगेच दिसतं. पूर्ण शीट सरकत्या टेबलावर टाकून उभी चिरायची, या कामात हात ब्लेडपासून लांब असतात. ते दिसायला जड आणि भीतीदायक काम, पण बोटांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरं. खरी जवळीक होते ती अरुंद पट्ट्यांमध्ये. किचनच्या खालची स्कर्टिंग, ड्रॉवरच्या बाजू, कडेला लावायच्या ५०-७५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापताना फेन्स (माप धरणारी आडकाठी) आणि ब्लेड यांच्यातल्या चिंचोळ्या जागेतून बोटांनी माल ढकलला जातो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेची सूचना अशी आहे की ३०० मिलिमीटरपेक्षा आखूड काप असेल तेव्हा, किंवा लांब कापाचे शेवटचे ३०० मिलिमीटर ढकलताना, हाताऐवजी पुश स्टिक वापरावी. पुश स्टिक म्हणजे खाच पाडलेला लाकडाचा दांडा. प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून दहा मिनिटांत तयार होतो, खर्च शून्य. तरी तो कित्येक मशीनवर नसतो, किंवा असला तरी कुठेतरी भुशाखाली पडलेला असतो. दुसरं जोखमीचं काम खाचेचं. ड्रॉवरचा तळ किंवा कपाटाची पाठ बसवण्यासाठी शीटमध्ये अर्धवट खोल खाच पाडतात. त्या वेळी ब्लेड शीटच्या वर येतच नाही, आणि ज्या यंत्रात गार्ड ब्लेडमागच्या पातीवर बसवलेला असतो तिथे तो आड येतो म्हणून काढून ठेवतात. खाच संपते, पुढचा काप पूर्ण जाडीचा असतो, गार्ड मात्र भिंतीला टेकलेलाच राहतो. गार्ड कायमचा नाहीसा होण्याची सुरुवात बहुतेक अशी एका वाजवी कारणाने होते. जोखीम मोजणाऱ्याने इथे ‘गार्ड काढू नये’ अशी पाटी लावून उपयोग नाही, कारण त्या कामापुरतं त्याला काढावंच लागतं. खाच राउटरवर पाडता येईल का, किंवा वरून स्वतंत्र दांड्यावर टांगलेला, ब्लेडमागच्या पातीवर अवलंबून नसलेला गार्ड बसवता येईल का, याचं उत्तर शोधायला हवं.

‘आपल्याकडे शिस्तच नाही’ हा सुस्कारा या ठिकाणी ठरलेला. त्याला उत्तर जर्मनीतून मिळतं. तिथल्या औद्योगिक अपघात-विमा संस्थांच्या महासंघाने २००६ साली धातुकामाच्या यंत्रांवरच्या संरक्षक साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३७ टक्के साधनं कायमची किंवा अधूनमधून निकामी करून ठेवली जात होती, असा त्याचा निष्कर्ष होता. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात, तपासणीची यंत्रणा भक्कम असताना ही स्थिती. कारण तिथेही तेच निघालं: साधन कामाच्या आड येत होतं. काम सोपं करणारा गार्ड कुणी काढत नाही. तेव्हा गाळ्यात काढून ठेवलेला गार्ड दिसला तर त्याला कामगाराचा गुन्हा मानण्यापेक्षा यंत्राची तक्रार मानावं, आणि तो नेमका कुठल्या कापाला नडला ते विचारावं.

बोटांइतकी चर्चा होत नाही ती उडून येणाऱ्या लाकडाची. ब्लेडचे पुढचे दात शीटला खाली टेबलाकडे दाबतात, पण मागच्या बाजूचे दात वर येत असतात. कापलेली फट मागे आवळली गेली, किंवा तुकडा फेन्स आणि ब्लेड यांच्यात तिरका झाला, तर मागचे दात त्याला उचलतात आणि ऑपरेटरच्या दिशेने फेकतात. हाच किकबॅक. पोटात, छातीत मार बसतो. त्याहून वाईट म्हणजे तुकडा ज्या हाताने धरलेला होता तो हात त्याच्याबरोबर ब्लेडवर ओढला जातो. त्याला आवर घालते ती ब्लेडच्या मागे उभी असणारी पोलादी पाती, रायव्हिंग नाइफ. ती फट उघडी ठेवते. ती ब्लेडपासून टेबलाच्या पातळीवर साधारण ८ मिलिमीटर अंतरावर असावी आणि तिचं टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा २५ मिलिमीटरहून अधिक खाली नसावं, असा ब्रिटिश संकेत आहे. मोठं ब्लेड काढून लहान बसवलं की हे अंतर वाढतं. पाती पुढे सरकवून पुन्हा बसवायला पाच मिनिटं लागतात आणि तीच वाचवली जातात. मुंबईत यात पावसाळ्याची भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये गाळ्यात उभ्या टेकवून ठेवलेल्या शीट ओल धरतात, वाकतात. वाकलेली शीट टेबलावर सपाट बसत नाही, कापताना तिच्यातला ताण सुटतो आणि फट मिटू लागते. म्हणून मार्चमध्ये केलेलं मूल्यमापन जुलैमध्ये तसंच लागू पडेल असं मानू नये. शीट आडव्या, खाली ठोकळे देऊन ठेवणं हे मालाच्या काळजीचं काम समजतात. ते तितकंच छातीच्या काळजीचंही आहे.

उपनगरी गाळ्याची सर्वात अवघड बाब मात्र यंत्राच्या बाहेर आहे: जागा. ३.२ मीटर लांबीचं सरकतं टेबल पुढे आणि मागे पूर्ण जायचं तर त्याला जवळपास सात मीटर लांबी लागते. वीस बाय तीस फुटांचा गाळा धरा. त्याची रुंदी सहा मीटर, लांबी नऊ. म्हणजे यंत्र फक्त लांबीच्या दिशेने बसतं आणि बसलं की टेबलाच्या दोन्ही टोकांना मीटरभर जागा उरते. तीही रिकामी राहत नाही. तिथे शीट टेकवलेल्या असतात, एज बँडिंगची गुंडाळी असते, पाण्याचा पिंप असतो. उरलेल्या रुंदीत एज बँडिंग मशीन, ड्रिल, जुळणीचं टेबल आणि येण्याजाण्याचा रस्ता. हा रस्ता बऱ्याचदा ऑपरेटरच्या पाठीमागूनच जातो. चहावाला, माल उतरवणारा, मापं घेऊन आलेला कंत्राटदार, सगळे त्याच्या कोपराला घासून जातात. त्याचं लक्ष जाण्याचं कारण असं दाराच्या जागेत आणि यंत्राच्या दिशेत आधीच ठरलेलं असतं. टेबल भिंतीकडे सरकताना मध्ये माणूस सापडून चेंगरण्याचा धोका वेगळाच. भाड्याच्या जागेत भिंती हलवता येत नाहीत हे मान्य. पण यंत्र बसवण्याआधी जमिनीवर खडूने टेबलाची पूर्ण चाल आखून, त्या आयताच्या बाहेरून दाराकडे जायचा रस्ता निघतो का हे पाहता येतं. निघत नसेल तर आखूड टेबलाचं यंत्र घ्यावं, किंवा पूर्ण शीटचे मोठे काप दुसरीकडून करून आणावेत. हा निर्णय यंत्र उतरवायच्या दिवशी फुकट पडतो, नंतर महाग.

काप संपल्यावरचे काही सेकंदही हिशेबात घ्यावेत. बटण बंद केल्यावर ब्रेक नसलेलं ब्लेड बराच वेळ फिरत राहतं. आवाज उतरतो, दात दिसू लागल्यासारखे वाटतात, आणि नेमकं तेव्हाच तुकडा काढायला हात पुढे जातो. ब्रिटनमध्ये अशा यंत्राचं ब्लेड साधारण १० सेकंदांत थांबावं अशी अपेक्षा आहे. जुन्या यंत्रालाही इलेक्ट्रिशियनकडून विजेचा ब्रेक बसवता येतो. तसंच स्टार्टरचं. चांगल्या डीओएल स्टार्टरमध्ये वीज गेली की संपर्क सुटतो आणि वीज परत आल्यावर पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. जिथे स्टार्टर बिघडला म्हणून मोटर थेट एमसीबीवर जोडली आहे, तिथे वीज परत येताच ब्लेड आपोआप फिरू लागतं, आणि त्या वेळी कुणी ब्लेड बदलत असू शकतं. याची परीक्षा कुणालाही करता येते: यंत्र चालू असताना मुख्य पुरवठा बंद करून, ब्लेड पूर्ण थांबल्यावर, सगळ्यांना दूर उभं करून पुन्हा सुरू करायचा. हातमोज्यांचा घोळही इथेच सांगायला हवा. ‘सुरक्षा’ म्हटलं की मालक पहिल्यांदा हातमोजे वाटतो. शीट उचलताना ते हवेतच; फिरत्या ब्लेडजवळ मात्र मोज्याचा धागा अडकून सगळा पंजा ओढला जातो. बाह्या सैल असणं, गळ्यात रुमाल लोंबणं, मनगटात कडं असणं, हेही त्याच रांगेतलं.

आता पैशाचा आक्षेप, जो तोंडावर क्वचित बोलला जातो पण सगळ्यात वजनदार असतो. काम शीटच्या दरावर असतं. गार्ड चढवणं-उतरवणं, पुश स्टिक शोधणं, ब्लेड थांबेपर्यंत थांबणं यात ऑपरेटरचा वेळ जातो आणि तो वेळ त्याच्याच खिशातून जातो. हे खरं आहे, आणि म्हणूनच शीटचा दर हाही जोखमीच्या यादीत लिहायचा घटक आहे. पट्ट्यांना आणि खाचांना वेगळा, थोडा जास्त दर लावला, तर घाईचं कारण काही प्रमाणात कमी होतं. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हल्ली कट लिस्ट संगणकाचा प्रोग्रॅम काढतो आणि तो शीटमधला कमीत कमी माल वाया जाईल अशी मांडणी करतो. उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यातून आणखी दोन पट्ट्या निघाल्या तर प्रोग्रॅमच्या लेखी तो फायदा. त्या दोन पट्ट्या काढताना बोटं ब्लेडच्या किती जवळ जातील हे त्याला ठाऊक नसतं. मांडणी मंजूर करणाऱ्याने ते पाहावं, आणि काही तुकडे भंगारात जाऊ द्यावेत. त्या तुकड्यांशी बोटाची किंमत ताडून पाहा: नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के धरली आहे, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७, अंगठा ३०. मासिक वेतन हिशेबासाठी १५,००० रुपये धरलं, तर पंचवीस वर्षांच्या कामगाराच्या तर्जनीची भरपाई जुन्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्राने सुमारे दोन लाख त्र्याहत्तर हजार रुपये होते. उरलेल्या प्लायच्या पट्ट्या एवढ्या किमतीच्या कधीच नसतात. शिवाय हे १४ टक्के सर्वसाधारण कामगारासाठी आहेत; बोटांच्या चिमटीत स्क्रू धरणाऱ्या सुताराच्या बाबतीत ते फारच कंजूष वाटतात.

‘आमच्याकडे माणसंच सहा, आम्हाला कायदा कुठे लागतो?’ या प्रश्नात तथ्य आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की लागू होत असे. महाराष्ट्राने दुरुस्ती करून ती मर्यादा वीसवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही विजेसह कारखान्यासाठी वीस हाच आकडा आहे. उपनगरातले पुष्कळसे गाळे त्याच्या खाली राहतात. पण कायद्याच्या कक्षेबाहेर असणं म्हणजे धोक्याच्या कक्षेबाहेर असणं नव्हे, हे वेगळं सांगायला नको; आणि पैशाच्या बाजूने पाहिलं तर लहान गाळ्याची स्थिती अधिक नाजूक आहे. दहा कामगार असलेल्या जागेला कर्मचारी राज्य विमा योजनेचं छत्र मिळतं, २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचा उपचार आणि अपंगत्वाचा लाभ त्यातून निघतो. सहा माणसांच्या गाळ्यात भरपाईचं ओझं थेट मालकावर येतं, कारण वीज वापरून उत्पादन करणाऱ्या जागेत ही जबाबदारी माणसं किती यावर ठरत नाही. नियमांचा मजकूर मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ब्लेडमागची पाती, वरचा गार्ड, पुश स्टिक, यंत्राभोवतीची मोकळी जागा आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. ब्रिटनने असे नियम १९२२ सालीच केले होते. शंभर वर्षं जुन्या, पुन्हा पुन्हा तपासलेल्या या यादीतली एकही गोष्ट सहा माणसांच्या गाळ्याला परवडणार नाही अशी नाही.

नवं तंत्रज्ञान हा प्रश्न मिटवील, असा एक आशावादही आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकी संशोधकाच्या सॉस्टॉप यंत्रात त्वचेचा स्पर्श विद्युत संकेताने ओळखला जातो आणि पाच मिलिसेकंदांच्या आत अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून ते थांबवतो. आल्टेनडॉर्फ कंपनीने कॅमेऱ्याने हात ओळखून ब्लेड टेबलाखाली उतरवणारी व्यवस्था आणली आहे. मोठ्या कारखान्यांत बीम सॉ असतो. त्यात शीट दाबून धरलेली असते आणि ब्लेड खालून सरकतं, हात लागायचं कारणच कमी. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण बीम सॉ घेतलेल्या ठिकाणीही आयत्या वेळची पट्टी आणि चुकलेल्या मापाचा तुकडा जुन्या पॅनेल सॉवरच येतो, आणि नेमका तोच काप धोक्याचा असतो. उपनगरात आज फिरणारी यंत्रं आणखी पंधरा-वीस वर्षं चालतील. त्यांच्यावर काम करणाऱ्यांना नव्या यंत्राची वाट पाहायला सांगणं हे उत्तर होऊ शकत नाही.

भुसा आणि आवाज यांवर स्वतंत्र लेख व्हावा; इथे एवढंच की ते हळू काम करतात म्हणून यादीतून गळतात. लाकडाची धूळ १९९५ सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली, एमडीएफच्या सरसातलं फॉर्मल्डिहाइड त्यानंतर. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची पिशवी बाहेरच्या पॅसेजमध्ये रिकामी करणं म्हणजे शेजारच्या गाळ्याला वाटा देणं. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराने १३ मार्च २०२३ आणि ११ फेब्रुवारी २०२५ या दोन दिवशी मोठ्या आगी पाहिल्या आहेत. प्लाय, फोम आणि रसायनांच्या शेजारी साठलेला कोरडा भुसा किती ठेवायचा, याचा विचार त्या बाजाराला तरी वेगळा शिकवावा लागू नये.

हे मूल्यमापन करायला सल्लागार लागतोच असं नाही. मालकाने किंवा मिस्त्रीने अर्धा दिवस मशीनपासून सुरक्षित अंतरावर उभं राहून एक वही भरावी: कुठला काप, हात फुटाच्या आत आला का, गार्ड होता का, नसेल तर का काढला, मागून कोण गेलं, तुकडा कशाने बाजूला केला. ऑपरेटर आणि हेल्पर यांना शेजारी बसवून, ते ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत, बहुतेक गाळ्यांत हिंदीत, ती वाचून दाखवावी; कुठला काप नको वाटतो हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. ब्लेडला हात लागता लागता वाचला अशा प्रसंगांसाठी शेवटचं पान राखावं आणि ते सांगणाऱ्याचा पगार कापू नये, नाहीतर ते पान कोरंच राहील. अधिक माहिती हवी असेल तर शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि वांद्रे-कुर्ला संकुलातलं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही दोन्ही ठिकाणं उपनगरातून तासाभराच्या आत गाठता येतात. पण त्याआधी, उद्या सकाळी मशीन सुरू करण्यापूर्वी, उरलेल्या प्लायमधून दोन पुश स्टिक कापून फेन्सला दोरीने बांधून ठेवा आणि भिंतीला टेकलेला गार्ड पुन्हा चढवा.